दहापैकी सहा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईनं मुलाचा पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. तिनं एकच विचारलं, "घरात बोलतात कसं?"

मध्यस्थ म्हणाले, "बाई, सगळे अगदी गोड बोलतात हो!"

"तसं नव्हे. कुठल्या भाषेत?"

मध्यस्थांनी चहाचा कप उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. तेव्हाच आई काय ते समजली.

माझं माहेर कोल्हापूर आणि सासर बेळगाव. मधलं अंतर शंभर-एकशे दहा किलोमीटर. कागल, निपाणी, संकेश्वर करत एसटी आणून सोडते. आमच्यात अशा सोयरिकी आज्या-पणज्यांपासून होत आल्या आहेत, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. सासरची माणसं मूळची बैलहोंगलकडची, घरात कन्नड. मामंजींना मराठी उत्तम येई. ह्यांना कामापुरतं. सासूबाईंना 'या' आणि 'बसा' एवढंच. आणि मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंची मुलगी २००१ साली अशी मुकी होऊन उंबरठा ओलांडून आत आली.

आठवड्याभरानं ह्यांनी कालनिर्णयच्या एका जुन्या पानामागं मला नात्यांचा तक्ता लिहून दिला. नवरा म्हणजे गंड. मराठीत गंडा कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी ह्यांना सांगितलं नाही. ओळख नवीन होती. सासू म्हणजे अत्ती. सासरा म्हणजे मावा. आणि सून म्हणजे सोसी! फोनवर हा तक्ता मी आईला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "भाषा खरं बोलणारी दिसते."

पहिल्या महिन्यात मी कटाची आमटी केली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "चलो ऐती." मला वाटलं, माझ्यासाठी म्हणून हिंदीत बोलतायत, कुठंतरी जायचंय. मी हात धुतले, पदर सारखा केला आणि चपला घालून दारात जाऊन उभी राहिले. पाच-दहा मिनिटांनी मामंजी बाहेर आले.

"कुठं निघालात?"

"अत्ती चला म्हणाल्या."

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या भागातल्या कन्नडमध्ये 'चलो' म्हणजे चांगलं. आमटी चांगली झाली होती! सासूनं केलेलं पहिलं कौतुक मी दारात चपला घालून ऐकलं.

२००३ साली थोरली झाली आणि घरात एक मूक स्पर्धा सुरू झाली. पोरगी पहिला शब्द कुठला बोलणार? सासूबाई मांडीवर घेऊन "अव्वा, अव्वा" म्हणायच्या. माझी आई कोल्हापूरहून आली की "आई म्हण, आई" असा पाठ घ्यायची. नाव दोघीही माझंच घेत होत्या, त्यामुळं मी निवांत होते. दहाव्या महिन्यात एके सकाळी मी तिला नाचणीची पेज भरवत होते. चौथ्या घासाला तिनं माझा हात ढकलला आणि स्पष्ट म्हणाली, "साक!"

साक म्हणजे पुरे. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. पहिला शब्द कन्नड! त्यांनी संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. मी भीत भीत आईला फोन केला.

"साक म्हणाली?" आई म्हणाली. "अगं, साखर मागत असेल. तू पेजेत साखर घालत नाहीस, तुला आधीपासून सांगतेय मी."

असं दोन्ही बाजूंचं समाधान झालं. पोरीनं मात्र दोन्ही आज्यांची वाटणी स्वतःच करून टाकली. बेळगावची ती 'अज्जी' आणि कोल्हापूरची ती 'आजी'. एका 'ज'चा फरक. पण तिनं तो कधी चुकवला नाही. अज्जीशी कन्नड, आजीशी मराठी, आणि आम्ही दोघं समोर असलो की अर्धं वाक्य माझ्याकडं बघून मराठीत आणि अर्धं ह्यांच्याकडं बघून कन्नडमध्ये. मुलं भाषा माणसाला चिकटवून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं.

चिकटवताना कधी तरी घोटाळाही होतो. २००८ साली धाकटी झाली ती तारखेच्या तीन आठवडे आधी. हे माझ्याबरोबर दवाखान्यात. कोल्हापूरला कळवायचं राहून गेलेलं. सासूबाईंनी थोरलीला सांगितलं, "निनग तंगी बंदाळ." म्हणजे तुला धाकटी बहीण आली. तेवढ्यात नेमका आईचा फोन आला आणि पाच वर्षांच्या आमच्या बाईसाहेबांनी तो घेतला.

"आजी, आमच्याकडं तंगी आली!"

"काय आलं?"

"तंगी! खूप मोठी नाही, एवढीशी आहे. अप्पा दवाखान्यात आहेत."

घरात तंगी, जावई दवाखान्यात! आईनं पुढं काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती दारात हजर झाली, पदराच्या गाठीत पाच हजार रुपये बांधून. पाळण्यातली ती एवढीशी तंगी बघितल्यावर ती आधी रडली, मग हसली, आणि गाठ सोडून ते पाच हजार बाळाच्या उशाशी ठेवले. धाकटीचं पाळण्यातलं नाव चांगलं संस्कृत आहे, पण घरात आजही तिला सगळे तंगीच म्हणतात. महिनाअखेरीला तिला हाक मारायची ह्यांना जरा भीती वाटते, एवढंच.

घराबाहेरच्या वादाबद्दल घरात फारसं बोलणं होत नसे. १९५६ साली राज्यं झाली तेव्हा मी जन्मले नव्हते आणि मामंजी शाळेत होते. एक नोव्हेंबरला आमच्या गावात एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिवस पाळतात. मामंजींचा त्या दिवसाचा नियम ठरलेला. टीव्ही लावायचा नाही आणि संध्याकाळी पाव किलो कुंदा आणायचा. "तोंडात कुंदा असला की माणसाला भांडता येत नाही," असं ते म्हणत.

पण थोरलीच्या शाळेची वेळ आली तेव्हा कुंद्यानं भागेना. घराजवळ मराठी शाळा होती, कन्नड शाळाही होती. मी मराठीचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा उतरे, त्यांनी कन्नडचं काढलं की माझा. मामंजींनी मला द. रा. बेंद्र्यांचं उदाहरण दिलं. धारवाडच्या बेंद्र्यांची घरची भाषा मराठी. कन्नडमध्ये कविता लिहिली आणि १९७३ सालचं ज्ञानपीठ मिळवलं. मी म्हटलं, "मामंजी, बेंद्र्यांचं मराठी गेलं नव्हतं. हिचं जाईल." शेवटी दोघांनीही, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून, तिसरीच भाषा निवडली. इंग्रजी. दोघांचंही समान नुकसान झालं म्हणजे न्याय झाला असं आम्हांला वाटलं.

तर शाळेत पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी. मराठीला वेळापत्रकात तासच नव्हता. "ते मी घरी शिकवीन," असं मी आईला छातीठोक सांगितलं. अंकलिपीही आणली. ती तंगीनं चघळून संपवली. दुसरी आणायची राहून गेली. मग डबे, शिकवण्या, ताप, गॅदरिंग. घरात बायका कुठली गोष्ट 'उद्या बघू' म्हणून ठेवतात आणि तिला दहा वर्षं कशी होतात, ते तुम्हांला सांगायला नको.

थोरलीच्या कन्नडचा पहिला फायदा मात्र मलाच झाला. ती दुसरीत होती. बैलहोंगलला लग्न होतं आणि मी दोन्ही मुलींना घेऊन स्टँडवर गेले. बसची पाटी कन्नडमध्ये. मला तोवर 'ब' तेवढा ओळखता येत होता. 'ब' दिसला, शब्द लांबलचक दिसला, मी बॅगा चढवल्या. थोरली पायरीवरच थांबली.

"आई, ही बागलकोटला जाते."

आमच्या भागात बेळगाव 'ब', बैलहोंगल 'ब' आणि बागलकोटही 'ब'! सात वर्षांच्या पोरीनं बोट फिरवत पाटी वाचली नसती तर त्या दिवशी आम्ही भलत्याच मांडवात जेवलो असतो. त्यानंतर बाहेर पडलं की मी तिचं बोट धरायची. बघणाऱ्याला वाटे, आई पोरीला सांभाळते आहे.

तोटा कळला तो असाच एका सुट्टीत. आई गोष्टींची पुस्तकं घेऊन आली होती. तिनं एक थोरलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच बघू." थोरलीनं ते तितक्याच प्रेमानं परत दिलं. "तू वाच ना आजी. तू छान वाचतेस." आईनं वाचलं. सगळ्यांचे आवाज काढून वाचलं. जाताना स्टँडवर मला म्हणाली, "तीस वर्षांत किती पोरांना अक्षरओळख करून दिली गं मी. स्वतःच्या नातीची तेवढी राहिली."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. मी एसटी वळेपर्यंत हात हलवत राहिले आणि घरी येऊन कपाटं आवरली. कारण नसताना.

वर्षं गेली. मामंजी गेले. थोरली एसएसएलसी होऊन पीयूला गेली. आणि मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. मधले शंभर-एकशे दहा किलोमीटर एकाएकी विलायतेइतके झाले. कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी, पास, परत पाठवणी. ज्या रस्त्यानं आई पदरात पाच हजार बांधून एका रात्रीत निघून आली होती, तो रस्ताच बंद. त्यात तोवर तिला ऐकू येणं फार कमी झालं होतं. फोनवर मी "जेवलीस का?" विचारलं की ती म्हणे, "हो, पाऊस आहे थोडा." व्हिडिओ कॉलवर ती फक्त बघत राहायची आणि फोन ठेवताना डोळे पुसायची.

जूनमध्ये एके दुपारी पोस्टमननं आंतरदेशीय पत्र टाकलं. वर थोरलीचं नाव. मी फोडायला घेतलं तर तिनं काढून घेतलं.

"माझं आहे ना? मी वाचते."

"तुला कुठं येतं?"

"हिंदी येतं की मला! अक्षरं तीच आहेत."

अक्षरं तीच, पण तीच नव्हेत. आईचं अक्षर जुन्या वळणाचं. तिचा 'ल' आणि 'श' हिंदीच्या पुस्तकातल्यासारखा नाही. पहिल्या चार ओळींना पाऊण तास लागला. 'दुसऱ्या'मधली ती बारीक रेघ बघून तिनं विचारलं, "आजीनं इथं काही खोडलंय काय?" मी म्हटलं, "तो अर्धा र आहे." "असा असतो होय!" आणि मग आला 'ळ'. हिंदीत तो नाही. ती अडली. बोट ठेवून बसली. आजीनं लिहिलं होतं की सकाळी केळीला पाणी घालते आणि संध्याकाळी ओळीनं सगळ्यांची आठवण काढते. पोरीनं ते वाक्य तीनदा डोळ्यांखालून घातलं आणि एकदम ओरडली, "अगं, हा तर आमचा कन्नडचा ळ!" आणि मग सकाळ, केळी, संध्याकाळ, ओळ, सगळे ळ इतके जाड आणि स्वच्छ काढले की आतून सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय?

मी दाराला टेकून उभी होते. अक्षरं हिंदीनं दिली होती, ळ कन्नडनं दिला होता, आणि शब्द सतरा वर्षं कानावर पडलेले होतेच. मी जे दिलं नाही म्हणून मनात कुढत होते, ते पोरीनं तीन ठिकाणांहून गोळा करून आणलं.

तिनं उत्तरही स्वतःच लिहिलं. मला बघू दिलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी कोल्हापूरहून जाडजूड पाकीट आलं. आत आजीचं पत्र होतं आणि नातीचं पत्रही परत आलं होतं. लाल शाईनं तपासून!

आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं होतं, 'माझं खोली', 'ते परीक्षा', 'तुझं पत्र मिळाली'. कन्नडमध्ये भाकरी, खोली, टेबल, परीक्षा सगळ्यांना एकच माप. बाई आणि पुरुष असायला तिथं जीव असावा लागतो. मराठीत खुर्चीसुद्धा बाई आणि दरवाजा बाप्या! आजीनं प्रत्येकाखाली रेघ मारली होती. 'खोली ती. परीक्षा ती. पत्र ते.' एका ठिकाणी नातीनं लिहिलं होतं, 'मी सुट्टीला येतो.' त्यापुढं लाल शाईत होतं: 'आपल्याकडच्या मुली असंच बोलतात. मीही म्हणत असे. बोलताना येतो म्हण, लिहिताना येते लिही. पण ये.' आणि खाली गोल काढून: 'दहापैकी सहा. अक्षर सुधारणे. ळ उत्तम.'

थोरली नाराज होईल म्हणून मी घाबरले. ती पत्र घेऊन घरभर नाचली. एसएसएलसीला चांगले टक्के पडले होते तेव्हा ती इतकी नाचली नव्हती. सासूबाईंना दाखवलं, तंगीला दाखवलं, ह्यांच्या नाकासमोर धरलं. मग मलाच म्हणाली, "आई, चार मार्क कुठं गेले ते जरा सांग की." अंकलिपी न आणलेल्या आईला एवढी संधी पुरेशी होती. त्या पावसाळ्यात आम्ही रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसायचो. भाकरी ती, पोळी ती, वरण ते, भात तो. "भात तो का?" "तसाच आहे तो." याला दुसरं उत्तर माझ्याकडं नाही. आजीकडंही नव्हतं.

पत्रं अजून चालू आहेत. थोरली आता नोकरीसाठी बेंगळूरला असते, तिथून महिन्याला एक जातं. लाल शाई अजून होते, पण कमी. अलीकडं आठाच्या खाली ती उतरलेली नाही. आई दहा मात्र देत नाही. "दहा दिले की पोरं लिहायची थांबतात," म्हणते.

गोष्ट इथं संपली असं मला वाटत होतं. पण गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली. त्यांना सकाळी कन्नड पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत लागतो. तंगी कॉलेजला गेलेली, हे ऑफिसला. सासूबाईंनी पेपर माझ्यापुढं सरकवला. "यव्वा, ओद." वाच.

इतकी वर्षं झाली या घरात. बोलते मी फाडफाड, भाजीवाल्याशी भांडतेसुद्धा. पण वाचायचं काम मी कायम कुणाच्या तरी बोटावर सोडलं होतं. कन्नडमधला 'म' आणि 'व' मला अजून जुळे भाऊ वाटतात. मी चष्मा लावला. पहिलीच बातमी पावसाची. पाऊस म्हणजे मळे. मी वाचलं, "वळे..."

सासूबाई डोळ्यावर पट्टी बांधून शांत बसल्या होत्या. त्यांनी दुरुस्त केलं नाही. वाट बघितली.

"म... मळे," मी म्हणाले.

"हां."

तेवढ्या एका बातमीला वीस मिनिटं लागली. चहा गार झाला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. शेवटचा शब्द संपला तेव्हा मला घाम आला होता. सासूबाईंनी हात पुढं करून चाचपडत माझा हात शोधला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हत्तक्क आरु."

दहापैकी सहा. त्यांना हे कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात तंगी आहे.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्याही आधी हाक आली, "यव्वा, पेपर बंत!"